घरच्या घरी : स्कूटरचा मागचा दिवा का विझतो?

वालावलच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "मी रोज स्कूटरने कुडाळला एका दुकानात हिशेबाच्या कामाला जाते. संध्याकाळी नेरूरमार्गे परत येईपर्यंत दिवेलागण होऊन जाते. गेल्या पावसापासून गाडीचा मागचा लाल दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. खड्ड्यात गाडी आदळली की जातो, पुन्हा आदळली की येतो. मुलगा मागे उभा राहून सांगतो की, ब्रेक दाबल्यावर दिवा जेमतेम मिणमिणतो. आणि त्याच वेळी साइड इंडिकेटर, बटण दाबलेलं नसताना, उगीचच मंद पेटतात! तीनदा बल्ब बदलून झाला. आता गॅरेजवाले म्हणतात, सगळं वायरिंग बदलावं लागेल. यजमान मुंबईला असतात. सासूबाई म्हणतात, 'गो, बत्ती नाय तर काळोखात जाव नको.' म्हणजे मी नोकरी सोडायची का? घरच्या घरी काही बघता येईल का?"

ताई, नोकरी सोडायची नाही आणि सगळं वायरिंगही एवढ्यात बदलायचं नाही. सासूबाईंचं म्हणणं मात्र दिवा दुरुस्त होईपर्यंत ऐकायचं. कारण मागचा दिवा ही गाडीवरची अशी एकच वस्तू आहे की जी चालवणारीला कधीच दिसत नाही आणि जिच्यावर तिचा जीव अवलंबून असतो. मागून साठ किलोमीटरच्या वेगाने येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे सरकते. तिच्या चालकाला तुम्ही दोन सेकंद उशिरा दिसलात, तर तेवढ्यात ती तेहतीस-चौतीस मीटर जवळ आलेली असते. माडांच्या सावलीतला, वळणावळणाचा, कडेला दिवे नसलेला रस्ता असला, तर ही दोन सेकंदंच सगळं ठरवतात.

आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो, त्याला बंद करायचं बटणच नसतं. त्यामुळे पुढे उजेड दिसला की आपण समजतो, सगळं ठीक आहे. मागे काळोख असला तरी कळत नाही.

रहाट आठवा, म्हणजे वीज समजेल

पत्रातल्या लक्षणांवरूनच रोग ओळखता येतो, पण त्यासाठी एवढं समजून घेतलं पाहिजे. कोकणात पूर्वी विहिरीवर रहाट असे. भरलेली गाडगी एका बाजूने वर येत आणि रिकामी दुसऱ्या बाजूने खाली जात. खाली जाणारी बाजू अडकली, तरी पाणी यायचं थांबे. विजेचं तसंच आहे. बॅटरीच्या अधिक टोकाकडून ती निघते, फ्यूजमधून, किल्लीच्या स्विचमधून, ब्रेकच्या किंवा दिव्याच्या स्विचमधून बल्बपर्यंत येते आणि बल्ब पेटवून बॅटरीच्या उणे टोकाकडे परत जाते. या परतीच्या वाटेला मेकॅनिक 'अर्थिंग' म्हणतात. ही वाट एका वायरने गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते. होंडाच्या गाड्यांना ती वायर साध्या हिरव्या रंगाची असते, इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात.

आता वालावलच्या गाडीचं बघू. ब्रेक दाबला, वीज मागच्या बल्बपर्यंत आली. पण परतीची वाट गंजली आहे. मग ती काय करते? शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बांमधून वाट काढते आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थिंगवरून घरी जाते. वाटेत सगळ्यांनाच थोडी थोडी वाटली गेल्यामुळे मागचा दिवा मिणमिणतो आणि इंडिकेटर बिनबोलावता मंद पेटतात. धक्क्याने गंजलेला सांधा क्षणभर जुळला की दिवा येतो, सुटला की जातो. म्हणजे दोष बल्बचा नाही, सगळ्या वायरिंगचा तर नाहीच. बहुतेक करून तो एका गंजलेल्या सांध्याचा आहे. बल्ब तीनदा काय, तीस वेळा बदलला तरी गुण येणार नाही.

आणि सांधा गंजणार नाही तर काय होईल? सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वालावल तर कर्लीच्या खाडीकाठचं, हवा दमट आणि खारी. मागच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल नेमका मागच्या दिव्याच्या खालीच जाऊन बसतो. कोरड्या हवेत पुष्कळ टिकणारा सांधा इथे तेवढा टिकत नाही.

हात लावण्यापूर्वी

स्कूटरची बॅटरी बारा व्होल्टची असते. घरातल्या विजेसारखा तिचा शॉक बसत नाही, म्हणून भिऊ नका. पण तिच्या दोन टोकांमध्ये धातूची वस्तू आली, तर ती वस्तू क्षणात लालबुंद तापते. यासाठी:

- हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र लोंबत ठेवू नका, कपड्याच्या आत सरकवा. हे आपल्या भगिनींनी आवर्जून पाळायचं आहे, कारण मेकॅनिकच्या गळ्यात मंगळसूत्र नसतं!
- बॅटरी सोडवताना आधी उणे टोक सोडवा, लावताना ते शेवटी लावा. अधिक टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते.
- गाडी मुख्य स्टँडवर, सपाट जागी, अंगणात घ्या. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नका, त्याचा धूर विषारी असतो.
- स्टँडवर असताना इंजिन चालू केलं, तर मागचं चाक फिरू शकतं. पदर, ओढणी, वेणी आणि मुलं चाकापासून लांब ठेवा. हात आत घालायचा असेल तेव्हा इंजिन बंद.
- विजेवर चालणारी स्कूटर असेल, तर तिची मोठी बॅटरी आणि जाड वायरी उघडूच नका. ते काम कंपनीच्या माणसाचं.

साहित्य

फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा, जुना टूथब्रश, थोडं व्हॅसलिन, इन्शुलेशन टेप आणि एक टेस्ट लॅम्प. हा टेस्ट लॅम्प घरी करता येतो. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा एक बल्ब होल्डरसकट आणा. होल्डरच्या दोन वायरींना प्रत्येकी दीड-दोन मीटर लांब वायर जोडा. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला बोथट खिळा. सांधे टेपने नीट झाका. कुडाळच्या बाजारात स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात हे सगळं मिळेल. एकदा केला की हा दिवा वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

लक्षणावरून रोग ओळखा

गाडी उघडण्याआधी पाच मिनिटं नुसतं निरीक्षण करा. स्वयंपाकघरात गॅस पेटला नाही, तर आपण आधी सिलिंडर बघतो, मग रेग्युलेटर, मग बर्नर. थेट नळी कापायला घेत नाही. तसंच इथे.

एकच दिवा गेला असेल, तर दोष त्याच्या बल्बात, होल्डरात किंवा त्याच्या वायरीत. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा सगळंच एकदम गेलं, तर आधी फ्यूज बघा. इंडिकेटर एका बाजूला फार भराभर फडफडतो, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. एका हाताच्या ब्रेकने मागचा दिवा लागतो आणि दुसऱ्याच्या ब्रेकने नाही, तर त्या ब्रेकच्या मुठीजवळचा छोटा स्विच बिघडला आहे. ब्रेक सोडला तरी दिवा पेटतच राहतो, तर तोच स्विच अडकला आहे. हँडल वळवलं की दिवा जातो-येतो, तर हँडलच्या मानेपाशी वायर झिजली आहे. रोज शेकडो वेळा ती तिथे वाकत असते. आणि एक दिवा लावला की भलताच दिवा मंद पेटतो, तर अर्थिंग गेलं आहे. वालावलच्या ताईंचा रोग हाच.

जुन्या गाड्यांविषयी एक खूण लक्षात ठेवा. 1972 साली आलेल्या लुनासारख्या मोपेडचे दिवे इंजिनवरच्या मॅग्नेटोवर चालत. गाडी हळू झाली की दिवाही मंद होई. पुढे आलेल्या बऱ्याच बल्बवाल्या स्कूटरांमध्येही पुढचा आणि मागचा कायमचा दिवा इंजिन चालू असेल तरच लागतो, हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा मात्र बॅटरीवर चालतात. म्हणून नुसती किल्ली फिरवून पुढचा दिवा लागला नाही, तर 'बिघडला' म्हणून घाबरू नका. उलट आपल्याला सोयच आहे. ब्रेकचा दिवा इंजिन बंद ठेवून तपासता येतो.

आता क्रमाने तपासा

1. मागच्या दिव्याची काच स्क्रू काढून उघडा. बल्ब हलकेच दाबून फिरवा, बाहेर येईल. मागच्या बल्बात दोन तारा असतात, पाच वॉटची कायमच्या दिव्याची आणि एकवीस वॉटची ब्रेकची. उजेडाकडे धरून दोन्ही शाबूत आहेत का ते बघा. बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात. बल्ब बसत नाही म्हणून उलटा कोंबू नका. उलटा बसला तर दिवा कायम भगभगतो आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरकच पडत नाही. मागच्या चालकाला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही.

2. होल्डरच्या आत डोकावा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती गंज आहे. किल्ली बंद ठेवून ती टूथब्रशने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ करा. पुष्कळ वेळा काम इथेच संपतं.

3. संपलं नाही, तर टेस्ट लॅम्प घ्या. चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला लावा. किल्ली चालू करा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. बारावीत शिकणारी मुलगी असेल तर तिलाच बोलवा, पुस्तकातली वीज तिला प्रत्यक्ष दिसेल. खिळ्याचं टोक होल्डरच्या तळातल्या दोन टिकल्यांना एकेक करून टेकवा. एकीवर टेस्ट लॅम्प चांगला पेटला, म्हणजे वीज इथवर येते आहे. जाण्याची वाट ठीक आहे.

4. आता चिमटा बॅटरीवरून काढून होल्डरच्या धातूच्या कडेला लावा आणि खिळा त्याच टिकलीवर टेकवा. आता दिवा पेटला नाही किंवा मिणमिणला, तर परतीची वाट तुटली आहे. रोगाचं ठिकाण सापडलं! दोन्ही वेळा पेटला नाही, तर वीज इथपर्यंत पोचतच नाही. मग मागे मागे जात सांध्याची जोडणी, ब्रेकचा स्विच आणि शेवटी फ्यूज बघा.

5. खात्रीसाठी बल्ब परत बसवा. एक वेगळी वायर होल्डरच्या कडेपासून थेट बॅटरीच्या उणे टोकाला तात्पुरती लावून धरा आणि ब्रेक दाबा. लाल दिवा झगझगीत पेटला आणि इंडिकेटर गप्प बसले, तर शंका उरत नाही.

6. मग होल्डरकडून निघणारी अर्थिंगची वायर हाताने चाचपत जा. ती एखाद्या जोडणीतून सांगाड्यावरच्या बोल्टपर्यंत जाते. बॅटरीचं उणे टोक सोडवून तो बोल्ट काढा. त्याखालचा गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड आणि वायरीचं थिंबल चकचकीत करा. बोल्ट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा, म्हणजे ओल आत जाणार नाही. वाटेतली प्लॅस्टिकची जोडणीही उघडून, पुसून, पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. वायर थिंबलपाशीच तुटली असेल, तर नवं थिंबल दाबून घ्या.

या सगळ्याला पहिल्यांदा तासभर लागेल, दुसऱ्यांदा वीस मिनिटं.

हे मात्र करू नका

फ्यूज उडाला, तर त्याच आकड्याचा नवा बसवा. चॉकलेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळून गाडी 'तात्पुरती' चालू करणारे पुष्कळ भेटतात. फ्यूज हा घरातला पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला झोपवलं की वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि पेट्रोलची टाकी फार लांब नसते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी झिजलेली वायर लोखंडाला टेकली आहे. ती सापडेपर्यंत तिसरा फ्यूज घालू नका.

उजेड कमी पडतो म्हणून जास्त वॉटचा बल्ब घालू नका. पस्तीस वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर वीज ओढतो, साठ वॉटचा पाच. वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी केलेले नसतात. होल्डर वितळतो आणि गाडी तेवढी वीज पुरवूही शकत नाही. पुढचा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा डाग तापून काच तडकते. फडक्याने धरा.

नुसता पीळ देऊन, वर टेप गुंडाळून सांधा करू नका. उन्हात टेपचा चिकटा सुटतो आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. सांधा थिंबलने किंवा डाग देऊन करून घ्यावा. शोभेचे दिवे आणि मोठे हॉर्न लावण्यासाठी चांगली वायर मध्येच सोलून घेण्याचीही सध्या फॅशन आहे. पुढच्या बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

एलईडीचे दिवे असतील, तर त्यांत बदलायला बल्ब नसतो, बहुधा सगळा संचच बदलावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. बाहेरची जोडणी घट्ट आहे का, एवढंच आपण बघावं.

गॅरेजला कधी जायचं, आणि काय सांगायचं

जळका वास येतो, वायरीचं आवरण वितळलेलं दिसतं, किंवा बल्ब पुन्हा पुन्हा जळतात आणि रेस वाढवली की दिवे फार प्रखर होतात, तर घरी वेळ घालवू नका. बल्ब वारंवार जळणं हे बऱ्याचदा रेग्युलेटर बिघडल्याचं लक्षण असतं. इंजिन थोड्या रेसवर असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. त्याहून बरेच जास्त असतील, तर रेग्युलेटर बघायला सांगा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तरीही गॅरेजच गाठा, कारण वरून एक दिसते आणि आत चार तुटलेल्या असतात. पडवीत किंवा मांगरात भाताच्या पोत्यांशेजारी गाडी लावणाऱ्या भगिनींनी हे विशेष बघावं.

गॅरेजमध्ये "दिवा लागत नाही, बघा" एवढंच म्हणू नये. "ब्रेकच्या टिकलीपर्यंत वीज येते, पण अर्थिंग मिळत नाही. थेट वायर लावली की दिवा नीट पेटतो," असं सांगा. डॉक्टरांना आपण नुसतं "बरं वाटत नाही" म्हणतो का? कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, हे सांगतो. असं नेमकं सांगणाऱ्या बाईला "सगळं वायरिंग बदला" असं सहजासहजी कुणी म्हणणार नाही. काम झालं की कोणता सांधा काढला तो दाखवायला सांगा आणि पैसे देण्यापूर्वी दिवा पेटलेला स्वतः बघा.

आठवड्याची परीक्षा

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत गाडीचे दिवे लागलेले असलेच पाहिजेत, असा 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. आपण मात्र दंडाच्या भीतीपेक्षा स्वतःच्या काळजीने बघावं.

त्यासाठी मागे उभं राहायला माणूस लागत नाही. आठवड्यातून एकदा, तिन्हीसांजेला, तुळशीपुढे दिवा लावायच्या वेळी गाडीची पाठ भिंतीकडे करून हातभर अंतरावर उभी करा. इंजिन चालू करून आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे. उजवा ब्रेक दाबा, उजेड वाढला पाहिजे. सोडून डावा दाबा, पुन्हा वाढला पाहिजे. मग दोन्ही इंडिकेटर. सगळं मिळून एक मिनिट. मृगापूर्वी एकदा आणि गणपतीच्या आधी एकदा होल्डर उघडून साफ करा. दिवाळीनंतर दशावताराच्या जत्रा सुरू होतात, रात्री-अपरात्री परतावं लागतं, तेव्हा आणखी एकदा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा स्विच आणि दिव्यांवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि रस्त्यात पुढे जाणाऱ्या एखाद्या बाईच्या गाडीचा मागचा दिवा बंद दिसला, तर पुढच्या नाक्यावर तिला थांबवून जरूर सांगा. तिला तो दिसत नसतो.